कमी पैशांत फॉडमॅप पथ्य: ज्वारी, मूग आणि एक वही

डॉक्टरांनी आयबीएस (वारंवार पोट दुखणं, फुगणं आणि शौचाच्या तक्रारी असणारा आतड्याचा विकार) सांगितलं, चिठ्ठीवर 'लो फॉडमॅप डाएट', म्हणजे पोटात वायू धरणारी काही कर्बोदकं टाळायचं पथ्य, लिहून दिलं आणि घरी येऊन नेटवर शोधलं की समोर काय येतं? किन्वा, बदामाचं दूध, ग्लुटेन-फ्री ब्रेड, मेपल सिरप, लॅक्टोज-फ्री चीज. ज्या घरात महिन्याचा किराणा मोजूनमापून भरला जातो, तिथे ही यादी बघूनच पथ्य बारगळतं. नाहीतर माणूस आठवडाभर नुसता भात आणि बटाटा खातो, कंटाळतो आणि आठव्या दिवशी मिसळीवर ताव मारतो.

ती यादी चुकीची नाही, दुसऱ्या देशातल्या दुकानांची आहे. हे पथ्य मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात तयार झालं. 'फॉडमॅप' हे नाव पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी 2005 साली वापरात आणलं. तिथे रोजचं खाणं म्हणजे गव्हाचा पाव, त्यामुळे पावाला पर्याय विकत आणावा लागतो. आपल्याकडे हा पर्याय गिरणीवर दळून मिळतो. या पथ्यात पैसे जातात ते तीन ठिकाणी: पाकीटबंद 'खास' पदार्थ, एकाच घरात दोन स्वयंपाक, आणि सगळ्यात जास्त म्हणजे पहिला टप्पा विनाकारण लांबवणं. तिसऱ्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. खरी बचत तिथेच आहे.

सुरू करण्याआधी

गहू बंद करण्यापूर्वी सीलियाकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते त्या आजाराची, रक्ततपासणी (टीटीजी-आयजीए) करून घ्या. तपासणीच्या वेळी रोजच्या जेवणात गहू असायला हवा. महिनाभर गहू सोडून मग रक्त दिलं तर सीलियाक असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. मग पुन्हा गहू सुरू करा, पुन्हा काही आठवडे थांबा, पुन्हा पैसे भरा. शौचातून रक्त, कारण नसताना घटलेलं वजन, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असेल तर पथ्य बाजूला ठेवून आधी डॉक्टर. गरोदर बायका, लहान मुलं आणि आधीच वजन कमी असलेली माणसं यांनी हे स्वतःच्या मनाने करू नये. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सहसा आहारतज्ज्ञ असतात, केसपेपर काढून भेटता येतं.

आणखी एक पायरी फुकटची आहे. जेवणाच्या वेळा ठरवणं, सावकाश चावून खाणं, चहा दिवसाला दोन कपांवर आणणं, तळकट आणि जहाल तिखट कमी करणं, एका वेळी पोट तट्ट भरेल इतकं न खाणं. हे आधी महिनाभर करून बघा. 2015 साली स्वीडनमधल्या एका अभ्यासात आयबीएसच्या रुग्णांचे दोन गट केले होते, एकाला फॉडमॅप पथ्य आणि दुसऱ्याला असा साधा सल्ला. दोन्ही गटांत साधारण निम्म्या लोकांना आराम पडला. साध्या उपायाने भागत असेल तर पुढचं सगळं वाचायची गरजच नाही.

पोटात काय होतं

फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट शोषली न जाणारी छोटी कर्बोदकं. ती आतड्यात पाणी ओढून घेतात, मोठ्या आतड्यात गेली की तिथले जिवाणू ती आंबवतात आणि वायू तयार होतो. हे सगळ्यांच्याच पोटात होतं. आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा जास्त हळव्या असतात, म्हणून तेवढ्याच वायूने पोट फुगतं, कळ येते, संडासला पळावं लागतं. ही ॲलर्जी नाही, सगळा खेळ प्रमाणाचा आहे. चिमूटभर गेलं म्हणून काही बिघडत नाही, आणि 'चालणारा' पदार्थ परातभर खाल्ला तर नक्की बिघडतं.

मुख्य गट पाच. फ्रुक्टॅन (कांदा, लसूण, गहू), जीओएस (तूर, हरभरा, राजमा, चवळी, वाटाणा), दुधातलं लॅक्टोज, जास्तीचं फ्रुक्टोज (आंबा, मध, कलिंगड) आणि पॉलिऑल (फ्लॉवर, मशरूम, शिवाय साखर नसलेल्या च्युइंगममधलं आणि खोकल्याच्या काही सिरपमधलं सॉर्बिटॉल).

पथ्याचे टप्पे तीन. पहिल्यात दोन ते सहा आठवडे हे सगळं बंद. दुसऱ्यात एकेक गट परत आणून तपासायचा. तिसऱ्यात जे सोसतं ते कायमचं ताटात, जे सोसत नाही तेवढंच मोजकं.

धान्य: रेशनचा तांदूळ आणि ताजं ज्वारीचं पीठ

तांदूळ, पोहे, कुरमुरे, साबुदाणा, बटाटा हे पहिल्या टप्प्यात निर्धास्त चालतं. प्राधान्य गटाचं रेशन कार्ड असेल तर माणशी महिन्याला 5 किलो धान्य 2023 पासून मोफत मिळतं. त्यातला तांदूळ तुमच्या वाट्याला आणि गहू घरातल्या बाकीच्यांच्या वाट्याला, अशी घरातल्या घरात वाटणी करा. गहू कुणाला देऊन टाकू नका, दुसऱ्या टप्प्यात लागणार आहे.

नुसत्या भातावर राहिलात तर चार दिवसांत बद्धकोष्ठ होईल आणि तुम्हाला वाटेल की पथ्य बाधलं. म्हणून एका जेवणाला भाकरी ठेवाच. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीला 50 ते 60 ग्रॅम पीठ लागतं, जेवणाला दोन भाकरी बसतात. 'ग्लुटेन-फ्री आटा' म्हणून मिळणाऱ्या पाकिटाच्या किमतीत याच्या कितीतरी पट ज्वारी येते. शिवाय त्या पाकिटात पुष्कळदा बेसन किंवा सोयाबीनचं पीठ असतं, म्हणजे जीओएस पुन्हा आत. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलंय म्हणून ते फॉडमॅपला चालतंच असं नाही.

भाकरी थापायची सवय नसेल तर पीठ जुनं असणं हीच मोठी अडचण होते. दळून पंधरा दिवस झाले की ज्वारीच्या पिठाची विरी जाते, मग भाकरी थापताना कडेने चिरते आणि परातीतून उचलताना तुटते. दोन किलोच दळून आणा आणि आठ-दहा दिवसांत संपवा. तरी जमत नसेल तर उकड काढा. एक वाटी पाण्याला चिमूट मीठ घालून खळखळ उकळी आणायची, गॅस बंद करून वाटीभर पीठ घालायचं, झाकून पाच मिनिटं ठेवायचं आणि हात सोसेल इतकं गरम असतानाच मळायचं. घट्ट वाटलं तर पाण्याचा हात. अशा पिठाची भाकरी पोळीसारखी लाटतासुद्धा येते.

गिरणीत आधी गहू दळला असेल तर ज्वारीत थोडं गव्हाचं पीठ मिसळतं. सीलियाक असेल तर ते चालणार नाही. इथे मात्र तेवढ्याने काही होत नाही, त्यासाठी वेगळी गिरणी शोधत हिंडू नका.

डाळ

तुरीचं वरण बंद झालं की घरात सगळ्यात मोठा प्रश्न उभा राहतो: भातावर काय? उत्तर मूग. शिजलेले मूग एका जेवणाला साधारण 50 ग्रॅम, म्हणजे अर्ध्या वाटीच्या आतच. मसूर डाळ शिजवलेली दोन मोठे चमचे. यापुढे गेलात तर मूगही त्रास देतो. 'मूग हलका असतो' हे आजीने सांगितलेलं खरंच, पण तिने वाटी मोजली नव्हती.

जीओएस पाण्यात विरघळतं, याचा पुरेपूर फायदा घ्या. मूग रात्रभर भिजवा, ते पाणी टाका, मोड आणा, भरपूर पाण्यात शिजवा आणि हे पाणीही ओतून टाका. मग फोडणी. यात जीवनसत्त्वांचा थोडा भाग जातो, चार-सहा आठवड्यांपुरता जाऊ द्या. कुकरमध्ये बेताच्या पाण्यात शिजवलं तर जीओएस तिथेच राहतं, म्हणून या काळात उसळ पातेल्यातच. पिठलं, झुणका, भजी, फुटाणे, फरसाण हे सगळं बेसनाचं किंवा हरभऱ्याचं. पहिल्या टप्प्यात नाही. तांदूळ-उडदाची इडली दोन-तीन खाता येते, सांबार सोडून.

कांदा-लसूण

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. पहिली चूक: रश्श्यात कांदा घालायचा आणि वाढताना बाजूला काढायचा. फ्रुक्टॅन पाण्यात उतरतं. कांदा ताटाबाहेर ठेवला तरी त्याचं काम रश्श्यात होऊन गेलेलं असतं.

फ्रुक्टॅन तेलात मात्र उतरत नाही. म्हणून लसणाचा वास हवा असेल तर तो तेलातून घ्यायचा. चार चमचे तेल, पाच-सहा पाकळ्या नुसत्या ठेचून. अगदी मंद आचेवर तीन-चार मिनिटं. कडा सोनेरी झाल्या की झाऱ्याने लसूण सगळा उचलायचा, एक तुकडाही राहता कामा नये, आणि मगच त्या तेलात मोहरी-जिरं. लसूण काढायच्या आधी टोमॅटो किंवा पाणी पडलं तर सगळं मुसळ केरात. काढलेला लसूण घरच्यांच्या आमटीत जातो, वाया काही जात नाही. हे तेल बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका. तेलात बुडालेल्या लसणात हवा नसते आणि तिथे बोट्युलिझमचे जिवाणू वाढू शकतात. तो विषाचा प्रकार आहे, पोटदुखीचा नव्हे. लागेल तेवढं रोज करा.

कांद्याची चव पातीतून मिळते. पातीचा कांदा आणला की हिरवी पात तुमची, खालचा पांढरा भाग घरच्यांचा. पात शेवटी घालायची, दोन वाफा पुरे. सुकट किंवा जवळा परतताना कांद्याऐवजी मूठभर पात, ओलं खोबरं आणि दोन आमसुलं, एवढ्यावर भाकरी जाते.

हिंगाबद्दल उलटसुलट वाचायला मिळतं. बाजारातला बांधणी हिंग शुद्ध नसतो, त्यात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. सीलियाकवाल्यांनी मैद्याचा हिंग टाळायलाच हवा. फॉडमॅपसाठी चिमूटभर हिंगातला मैदा नगण्य, बिनधास्त वापरा. कांदा-लसूण मसाला अर्थातच बाहेर. गोडा मसाला धने, तीळ, खोबरं, दगडफूल यांचा असतो, तो चालतो. विकतच्या मसाल्यावर घटकांमध्ये लसूण पावडर किंवा कांदा पावडर आहे का बघा. नुसतं 'मसाले' लिहिलं असेल तर या काळात नको.

मराठी घराला हा स्वयंपाक नवा नाही. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी घरं अजून आहेत, त्याआधी कांदेनवमीला कांद्याची हौस भागवून घेतात ती त्यासाठीच. तुमच्या घरात निदान श्रावण पाळत असतील तर पहिला टप्पा श्रावणात सुरू करणं सगळ्यात स्वस्त, कारण घरभर एकच पातेलं. अडचणी दोन. मांसाहारी घरात श्रावणात अंडी-मासळीही बंद असते, म्हणजे प्रथिनांची सोय शेंगदाणे, मूग आणि चक्का यांतून करावी लागते. आणि उपास. दिवसभर न खाऊन रात्री भरपूर खाल्लं की आयबीएसचं पोट बिथरतं, मग खाण्याच्या आणि त्रासाच्या वहीतल्या नोंदींवरून काही कळत नाही. उपासाचे पदार्थ खा, उपाशी राहू नका.

एकच पातेलं

श्रावण नसेल तर दोन स्वयंपाक टाळण्याची एक सोपी रीत आहे: वरून फोडणी. भाजी किंवा आमटी हळद, हिंग, जिरं, आलं, मिरची, कोथिंबीर यांवर शिजवायची. तुमचा वाटा काढून ठेवायचा. मग छोट्या कढल्यात घरच्यांसाठी कांदा-लसूण परतून उरलेल्या पातेल्यात ओतायचा. फक्त फोडणीपुरता जास्तीचा गॅस जातो. डाळीला हे लागू नाही, कारण तुरीची डाळ मुळातच तुमची नव्हे. तिच्यासाठी कुकरच्या वरच्या डब्यात मूग डाळ, खालच्यात तूर, दोन्ही एकाच वेळी. डब्यावर झाकण ठेवा, नाहीतर वाफेचं पाणी वरून खाली ठिबकतं. डब्यातल्या डाळीचं पाणी ओतता येत नाही, म्हणून ती आधी निदान सहा तास भिजवून पाणी फेकलेली असावी आणि वाढताना प्रमाण आणखी कमी, तीन चमचे.

दूध आणि चहा

गाईच्या दुधात शंभर मिलिलीटरला साधारण 5 ग्रॅम लॅक्टोज असतं. पहिल्या टप्प्यात एका वेळी 1 ग्रॅमच्या आसपास राहायचं, म्हणजे 20 मिलि दूध. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं मापाचं टोपण असतं ना, त्याने मोजा. 20 मिलि दुधाचा चहा पांचट लागतो, त्यापेक्षा आलं-गवती चहा घातलेला कोरा बरा. लॅक्टोज काढलेलं दूध आता शहरात मिळतं, पण महाग पडतं. चार आठवड्यांसाठी त्यात पैसे घालण्यापेक्षा दुसऱ्या टप्प्यात दुधाची चाचणी सगळ्यात आधी घ्या. ते का, ते पुढे येईल.

दही विरजल्यावर लॅक्टोज थोडं घटतं, संपत नाही. घरच्या दह्याचा चक्का करा. फडक्यात बांधून रात्रभर टांगला की लॅक्टोजचा बराच भाग निवळीबरोबर निघून जातो. चक्क्यात मीठ, जिरेपूड, काकडी घातली की भाकरीला तोंडीलावणं झालं. निवळ घरच्यांच्या पोळीच्या कणकेत. साजूक तुपात लॅक्टोज जवळपास नसतंच.

भाजी, फळं

यात अडचण कमी. गाजर आणि बटाटा भरपूर. भेंडी, वांगी, फरसबी, पालक, काकडी, मुळा एका वेळी साधारण 75 ग्रॅम. भेंडी असेल तर मध्यम सहा-सात, पालक कच्चा दोन मुठी. टोमॅटो लहान एक. फ्लॉवर, मशरूम, मटार थांबलेले बरे.

फळांत पपई, संत्रं, मोसंबी, अननस, पिकलेला पेरू. सीताफळ, आंबा, कलिंगड, सफरचंद, खजूर, मनुका नाहीत. केळ्याची गंमत अशी की कडक, नुकतं पिवळं झालेलं चालतं आणि काळे ठिपके पडलेलं नाही, कारण पिकताना त्यात फ्रुक्टॅन वाढतं. संध्याकाळी स्वस्तात विकायला काढलेली मऊ केळी इथे उपयोगाची नाहीत. एका वेळी एकच फळ, मध्ये तीन तास. चालणाऱ्या यादीतली तीन फळं कापून एकत्र खाल्ली की छोटी छोटी प्रमाणं एकावर एक चढतात आणि पोट फुगतं. मग लोक म्हणतात, यादीच चुकीची.

प्रथिनांचा हिशेब

तूर, हरभरा, दूध एकदम गेलं की प्रथिनं कमी पडतील ही भीती रास्त आहे. 55 किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण 45 ग्रॅम लागतात. ज्वारीचं पीठ 200 ग्रॅम घेतलं तर त्यातून सुमारे 20, तांदूळ 150 ग्रॅम घेतला तर 10-11, दोन अंडी 12, मूठभर (30 ग्रॅम) शेंगदाणे 7. झाले 49, मूग अजून धरलेच नाहीत. अंडी न खाणाऱ्यांनी शेंगदाणे दोनदा विभागून घ्यावेत, मूग दोन्ही जेवणांत आणि चक्का किंवा घरचं पनीर. काजू-पिस्ते फॉडमॅपला चालत नाहीत, त्यामुळे इथे स्वस्त शेंगदाणाच वरचढ ठरतो. कॅल्शियमसाठी तिळाची चटणी. मासळी खात असाल तर सुकट-जवळा काट्यासकट.

तंतू कमी पडून पोट जड झालं तर इसबगोल. चमचाभर, मोठ्या ग्लासभर पाण्यात, फुगायच्या आत पिऊन टाकायचं. पहिले तीन दिवस अर्धाच चमचा. पाणी कमी घेतलं तर उलट जास्त खडा होतो.

बाहेर खायची वेळ आली तर वडापाव, मिसळ, पावभाजी यांचा विचारच नको, त्यात सगळे गट एकत्र नांदतात. टपरीवरच्या पोह्यांत कांदा आधीच पडलेला असतो. साबुदाण्याची खिचडी, उकडलेली अंडी, साधा डोसा, कुरमुरे-शेंगदाणे-काकडी. डबा नेणं अर्थातच सगळ्यात स्वस्त.

वही

ॲप विकत घ्यायचंच असेल तर मोनाशचं घ्या, त्यात भारतीय पदार्थही आहेत. नोंदींसाठी मात्र शाळेची जुनी वही पुरते. पान आडवं धरून सहा रकाने: वेळ, काय खाल्लं, किती (वाटी-चमच्यात), पोटदुखी 0 ते 10, फुगणं 0 ते 10, शौचाचा प्रकार. शेवटच्यासाठी ब्रिस्टल तक्ता आहे, 1 म्हणजे लेंड्या, 4 म्हणजे मऊ आणि सलग, 7 म्हणजे पाणी. झोप, ताण आणि बायकांनी पाळीचे दिवसही लिहावेत. पाळीच्या आसपास आतडं असंही वेगळं वागतं, त्या दिवसांत नवी चाचणी सुरू करू नये. पथ्याच्या आधीचा एक आठवडा नेहमीचं खाऊन नोंदी ठेवा. ते आकडे नसतील तर महिन्याने 'बरं वाटतंय का' याचं उत्तर निव्वळ अंदाजाने द्यावं लागतं.

लग्नात वगैरे काही पोटात गेलंच तर पथ्य पहिल्यापासून सुरू करायचं नसतं. दोन-तीन दिवसांत ते निवळतं, तिथूनच पुढे.

परत आणण्याचा क्रम

त्रास स्पष्ट कमी झाला की लगेच दुसरा टप्पा. 'आता बरं चाललंय, कशाला छेडा' म्हणून वर्षभर पहिल्याच टप्प्यात राहणारे पुष्कळ असतात. त्यात आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य तुटतं, आहार तोकडा होतो आणि खर्च चालूच राहतो. चार ते सहा आठवडे चोख पाळूनही वहीतले आकडे हलले नाहीत, तर तुमच्या त्रासाचं मूळ फॉडमॅपमध्ये नाही. पथ्य बंद करून नेहमीचं जेवण सुरू करा आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

चाचणीचा क्रम पुस्तकात कसाही दिलेला असो, ज्या गटावाचून घराला सगळ्यात जास्त भुर्दंड पडतोय तो आधी घ्यावा, असं माझं मत. बहुतेक घरांत हा क्रम दूध, गहू, तूर, कांदा, लसूण, मग फळं आणि फ्लॉवर असा येईल. दूध आधी, कारण लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकी अनेकांनाही जेवणाबरोबर कपभर दूध सोसतं. ते सोसलं तर चाचण्या संपल्यावर चहा, दही, ताक सगळं एका फटक्यात परत येतं.

प्रत्येक चाचणी तीन दिवसांची, रोज प्रमाण वाढवत. दूध 60, 125, 250 मिलि. गव्हाची पोळी एक, दोन, तीन. तुरीचं घट्ट वरण पाव, अर्धी, एक वाटी. शिजलेला कांदा एक चमचा, दोन चमचे, पाव कांदा. लसूण पाव पाकळी, अर्धी, एक. बाकीचं जेवण पहिल्या टप्प्याचंच ठेवायचं, आधीच्या चाचणीत पास झालेला पदार्थसुद्धा अजून रोजच्या ताटात नाही, नाहीतर कुणी काय केलं ते कळत नाही. त्रास झाला की तिथेच थांबायचं. पोट शांत झाल्यावर मध्ये दोन-तीन दिवस सोडून पुढचा गट. सगळं धरून सहा ते आठ आठवडे.

चाचणीचा पदार्थ नुसता त्या गटाचाच हवा. गहू तपासायला पोळी घ्या, पाव किंवा बिस्किटं नकोत, त्यात इतर दहा गोष्टी असतात. दूध तपासताना बासुंदी नको. तुरीची चाचणी लसणाच्या फोडणीच्या आमटीवर घेऊन 'तूर बाधते' असं ठरवणं ही नेहमीची गफलत, साधं वरण घ्या. पोळी आणि कांदा दोन्हींत फ्रुक्टॅन असलं तरी एकाच्या निकालावरून दुसऱ्याचा धरू नका. दोन पोळ्या सहज पचणारा माणूस चमचाभर कांद्याने आडवा होऊ शकतो, आणि लसणाचं त्याहून वेगळं.

नापास म्हणजे कायमचं बंद असंही नाही. कुठल्या प्रमाणाला बिघडलं ते वहीत असतं. तीन पोळ्यांना त्रास झाला आणि दोनला झाला नाही, तर जेवणात दोन पोळ्या आणि पोट भरायला एक भाकरी. वरणाची अर्धी वाटी सोसली तर तेवढीच, बाकी भात कढण-मुगावर. दोन-तीन महिन्यांनी नापास गटाची चाचणी पुन्हा घ्या, सहनशक्ती बदलते. लसूण मात्र पुष्कळांचा शेवटपर्यंत तेलातूनच राहतो.